मुक्ताची खर्ची

हे सगळं असंच घडलं का, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. शेजारचा बाबल म्हणतो, रेटची मीटिंग गणपतीच्या आधी झाली. माझी बायको सुमती म्हणते, नंतर. मी दोघांनाही हो म्हणतो. मला त्या वर्षाचं नुसतं ऊन आठवतं, सुरूच्या झाडांतून गाळून वाळूवर पडलेलं, आणि त्या उन्हात कुणीतरी हात पुढे करून उभं आहे!

असे किस्से एकेकटे राहत नाहीत. किनाऱ्यावर फिरताना खिशात टाकलेल्या शिंपल्यांसारखे ते साठत जातात. एक काढायला जावं तर चार बाहेर येतात, आणि बरोबर थोडी वाळूही. आता त्यातली वाळू किती, हे निवडण्याएवढी माझी नजर राहिलेली नाही. तेव्हा जसे हाताला लागतील तसे सांगतो.

तोंडवली म्हणजे एक लांबच लांब वाळूची पट्टी. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी. आमच्या घराच्या पुढच्या दारात उभं राहिलं की लाटा ऐकू येतात. मागच्या दारात काहीच ऐकू येत नाही. निवृत्तीनंतर इथे आलो, तेव्हा आपण नक्की कुठल्या दारात बसायचं, हेही मला बरेच दिवस ठरवता आलं नव्हतं.

संध्याकाळी सुरूच्या बनात एका पालथ्या जुन्या होडीवर आमची बैठक असे. बाबल, ज्याच्या मंडळींची रापण आहे, मासे धरायचं मोठं जाळं. शालनकाकी, जिचं होमस्टे आहे. आणि मी. तिघांत सारखं असं एकच: तिघांच्याही घरी एकेक नातवंड, आणि त्या नातवंडांचे आईबाप लांब. बाबलच्या ओंकारचा बाप जहाजावर. शालनकाकीच्या तन्वीचे आईबाप मुंबईत. आणि आमची मुक्ता.

मुक्ता आठवीत आमच्याकडे आली. माझा मुलगा अभय आणि सून, दोघांनाही मस्कतला नोकरी लागली होती. निघताना अभय म्हणाला, "एक वर्ष बघू, बाबा. मे महिन्यात मी येतो. इथे तिचं नीट चाललंय असं वाटलं तर राहू दे. नाहीतर पुण्यात होस्टेल बघून ठेवलंय." आणि गाडीत बसता बसता म्हणाला, "पॉकेटमनीचं तेवढं सांभाळा. मुंबईत फार सुटली होती."

सांभाळा म्हणजे किती? हे विचारेपर्यंत गाडी माडांआड गेलीसुद्धा!

मी आयुष्यभर कॉलेजात अर्थशास्त्र शिकवलं. पैशाचा पुरवठा या विषयावर माझा प्रबंध आहे. एखाद्या देशाला किती पैसा लागतो, यावर मी तासभर बोलू शकतो. तेरा वर्षांच्या एका मुलीला आठवड्याला किती लागतो, या प्रश्नाने मात्र माझी झोप गेली. कमी दिले, तर तिला वाटेल आपण परक्यांच्या घरी राहतोय, आणि ती स्वतःच जाते म्हणेल. जास्त दिले, तर अभय म्हणेल बिघडवली. दोन्ही वाटा होस्टेललाच जात होत्या. आणि ती आल्यापासून आमच्या घराला, कसं सांगू, मागच्या दारातही काहीतरी ऐकू यायला लागलं होतं.

*

पहिला किस्सा रेटचा.

आमच्याकडे पॉकेटमनी कुणी म्हणत नाही, खर्ची म्हणतात. बाबल एकदा वैतागून म्हणाला, "सरांनू, ही पोरां एकमेकांक इचारतत, तुका किती, माका किती. आणि मगे घराक येवन आमका नाचवतत. तुमी शिकलेले. तुमीच एक रेट काढा, आमी तितकीच देतंव."

मी दोन दिवस विचार केला. महागाई, आचऱ्याच्या बाजारातले भाव, मुलांचं वय, सगळं जमेस धरलं. शनिवारी सांगितलं, पन्नास रुपये.

"येवढो इचार करून पन्नासच?" शालनकाकी म्हणाली. "मी पण पन्नासच देतंय!"

तरी ठरलं. होडीच्या लाकडावर हात ठेवून तिघांनी कबूल केलं. मी न राहवून म्हणालो, "एक सांगतो. अशा करारात कुणीतरी गुपचूप जास्त देतं आणि करार फुटतो. शास्त्रच आहे ते." त्यावर बाबलने शालनकाकीकडे पाहिलं आणि शालनकाकीने बाबलकडे.

पुढच्याच आठवड्यात बातमी फुटली. मुक्ताने आचऱ्याला सगळ्यांना आईस्क्रीम दिलं! पन्नासात ते बसणं शक्य नव्हतं. दोघंही माझ्याकडे अशी बघायला लागली, की मी न केलेल्या गोष्टीने मला घाम फुटला. घरी आलो. सुमती ओट्याशी बसून खोबरं खवत होती.

"तू मुक्ताला वर पैसे दिलेस?"

"मी कशाला देऊ? ठरलंय ना तुमचं," ती म्हणाली. "मी तिला मासे आणायला पाठवलं. उरलेले परत मागायला विसरले."

"किती वेळा विसरलीस?"

"रोजच विसरते. वय झालं आता!"

*

मग बाबलने नवी पद्धत सुचवली.

आमच्याकडे रापणीचा एक नियम आहे. समुद्रात जाळं टाकून त्याचे दोन्ही दोर किनाऱ्यावरून ओढतात. त्या दोराला जो हात लावेल, त्याला मासळीत वाटा. म्हातारा असो, पोर असो, वाटसरू असो. जाळ्याचा म्हणून वेगळा वाटा असतो, तो जाळ्याच्या मालकाला.

"घरात पण तसाच करा," बाबल म्हणाला. "काम करीत तेका वाटो. फुकट खर्ची नाय."

मला ते फार आवडलं. श्रम आणि मोबदला, इतकं स्वच्छ सूत्र मला पुस्तकात सापडलं नव्हतं. मी मुक्ताला म्हटलं, रविवारी अंगण झाडायचं, जो हात लावेल त्याला वाटा.

तिने जरा विचार केला. "नुसता हात लावला तरी?"

"लावला की वाटा," मी म्हणालो. मोठ्या उदारपणे.

रविवारी सकाळी धुकं होतं. समुद्र दिसत नव्हता, नुसता आवाज. त्या आवाजात दुसराही एक आवाज मिसळलेला, "हय्या... हय्या..." मी खिडकीतून पाहिलं. अंगणात माडाची एक मोठी वाळलेली झावळ, तिला दोर बांधलेला, आणि त्या दोराला वाडीतली झाडून सगळी मुलं! धुक्यातून ती मागे मागे चालत येत होती, रापण ओढतात तशी, आणि झावळीमागे अंगण स्वच्छ होत चाललं होतं. शेवटचं पोर इतकं लहान होतं, की ते दोराला ओढत नव्हतं, दोरच त्याला ओढत होता.

मी पाकीट हातात धरून पायरीवर उभा. कुंपणापलीकडून बाबल ओरडला, "सरांनू, नियम म्हंजे नियम! त्या धाकल्याक पण!"

सुमतीने शांतपणे परिस्थिती हाताळली. लाडवांचा डबा आणला आणि प्रत्येकाच्या हातावर एकेक ठेवला. सगळे निघून गेल्यावर मुक्ताने आणखी एक उचलला आणि माझ्या हातात दिला.

"हा कसला?"

"झावळ आपली होती ना, आजोबा? जाळ्याचा वाटा!"

*

गणपतीत तर आमचं सगळं अर्थशास्त्र वाहून गेलं.

मुंबईहून चाकरमानी येतात. परत निघताना घरातली पोरं वाकून नमस्कार करतात, आणि त्यांच्या मुठीत एक नोट जाते, "खाऊ घे हां." कुणी दहा, कुणी शंभर. वाडीत घरं भरपूर, पाहुणे भरपूर. विसर्जनानंतर गाड्या गेल्या, धूळ खाली बसली, आणि आमच्या लक्षात आलं की गावातली सगळ्यांत श्रीमंत माणसं म्हणजे आमची नातवंडं!

बाबलने ओंकारला दुकानातून तंबाखू आणायला सांगितलं. एरवी उरलेल्या सुट्ट्यासाठी धावत सुटणारा ओंकार झोपाळ्यावरून उतरलाही नाही. म्हणाला, "आजो, आता माका गरज नाय. तुमका काय कमी पडला तर सांगा."

शालनकाकीच्या तन्वीची तऱ्हा निराळी. तिला त्या नमस्काराची इतकी सवय लागली, की गणपती गेल्यावर होमस्टेमधलं नागपूरचं एक जोडपं निघालं, तर ही फाटकाशी उभी, आणि वाकून नमस्कार. ती बाई गोंधळली, भारावली, पर्समधून नोट काढून तिच्या हातात ठेवली. शालनकाकी स्वयंपाकघरातून धावत येईपर्यंत गाडी सुटली होती.

"तिका धरून बडवलंय नाय इतक्याच," शालनकाकी आम्हाला सांगत होती. "म्हटलंय, ते गिऱ्हाईक, पावणे न्हयत गो!"

"मग संपला ना?" बाबल म्हणाला.

"खंय संपता! त्या बायेन मोबाइलवर लिवल्यान, हयली परंपरा लय सुंदर, जाताना घरातली मुलगी नमस्कार करते. आता येता तो पावणो निघताना फाटकात थांबता आणि माका इचारता, 'मुलगी कुठाय?'"

*

हा किस्सा सांगावा की नाही, मला कळत नाही. त्यात हसण्यासारखं थोडंच आहे.

ओंकारच्या बापाने ठरवलं, की खर्ची आपण जहाजावरूनच पाठवायची, मोबाइलवर. त्याचं बघून अभयनेही मुक्ताला मस्कतहून महिन्याला काही पाठवायला सुरुवात केली. "तुमच्यावर भार नको," म्हणाला. मला वाटलं, आपण नापास झालो.

पण आमच्या पट्टीवर रेंज नाही. एकच जागा अशी, की जिथे ओहोटीला पाणी मागे हटलं आणि तिथल्या ओल्या वाळूवर जाऊन उभं राहिलं की फोनवर दोन काड्या यायच्या. ओहोटीचा आणि रेंजचा काय संबंध, मी पुष्कळ डोकं खाजवलं. बाबल म्हणायचा, "संबंद कित्याक व्हयो? येता ना?"

त्यामुळे झालं असं, की ज्या पोरांनी जन्मात कधी भरतीओहोटीची चौकशी केली नव्हती, ती शाळेतून आल्या आल्या विचारायला लागली, "ओहोटी किती वाजता?" आणि संध्याकाळी पाहावं तर दूरवर, आकाश उतरलेल्या त्या ओल्या वाळूत, दोन लहान आकृत्या फोन वर धरून उभ्या. पायाखाली एक आकाश, डोक्यावर एक. कुठून तरी पैसे येण्याची वाट बघत. मला वाटायचं, हे चित्र मी कुठल्या तासाला, कुठल्या फळ्यावर काढलं असतं?

एका संध्याकाळी ओंकार परत आला आणि होडीला टेकून उभा राहिला.

"इले पैशे?" बाबलने विचारलं.

"इले," ओंकार म्हणाला. "पण बाबांक फोन केलंय, तो लागणा नाय. पैशे येतत, मग बाबांचो आवाज कित्याक येणा नाय?"

बाबल जाळ्याची गाठ सोडवत होता. वर न बघता म्हणाला, "पैशे हलके असतत रे. आवाज जड."

त्या महिन्यानंतर मुक्ताने अभयला सांगितलं, की पैसे आजोबांकडे पाठव, ते हातात देतात तेच बरं. का, ते तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. पुढच्या शनिवारी मी पाकिटातली सगळ्यांत कोरी नोट निवडून तिला दिली, एवढं आठवतं.

*

आता शेवटचा.

थंडी पडायला लागली तशी मुक्ताची खर्ची पुरेनाशी झाली. पन्नासाचे शंभर झाले, मग आणखी थोडे. मागायची मोकळेपणी, "आजोबा, वायच जास्त द्याल?" मालवणी तिच्या बोलण्यात कधी आली, ते आम्हाला कळलंच नाही. मी द्यायचो. पण त्या पैशांचं काही दिसेना! नवी क्लिप नाही, गोळ्यांचे कागद नाहीत, फोन तर ती विसरूनच गेली होती. बैठकीत चर्चा सुरू झाली.

"त्या वयात चेडवां केसांक कायबाय लावतत," शालनकाकी.

"केसांना खोबरेलच आहे. सुमती बघते."

"मगे कोणाक तरी देता," बाबल.

त्या 'कोणाक तरी'ने माझी उरलीसुरली झोपही उडवली. विचारावं, तर तिला वाटेल आपल्यावर पाळत आहे. न विचारावं, तर मे महिना येत होता. मी रोज संध्याकाळी ठरवायचो, उद्या विचारू. आणि रोज ती खाडीच्या बाजूने, स्कर्टची कड भिजलेली, काहीतरी गुणगुणत यायची, आणि माझा प्रश्न माझ्याकडेच राहायचा.

मे महिन्यात अभय आला. आंबे काढायची गडबड चालू होती. दुसऱ्याच संध्याकाळी तो आमच्या बैठकीत येऊन होडीवर बसला आणि म्हणाला, "बाबा, खर्ची किती देता?"

मी आकडा सांगितला.

"एवढे? आणि जातात कुठे?"

बाबलने समुद्राकडे बघायला सुरुवात केली. शालनकाकीने पदराची गाठ सोडली आणि पुन्हा बांधली. मी म्हणालो, "मला माहीत नाही."

"तुम्हाला माहीत नाही," अभय हळूच म्हणाला. रागावला असता तर बरं वाटलं असतं. "होस्टेलला निदान कुणाला तरी माहीत असतं, बाबा."

तेवढ्यात मुक्ता आली. त्याने सरळ विचारलं. "मुक्ता, पैसे कशावर जातात?"

तिने आधी माझ्याकडे पाहिलं, मग वळून खाडीकडे.

"होडीवर," ती म्हणाली.

"कसली होडी?"

"पांडूदादाची. पलीकडच्या गावाला जाते ती. जायचं, तिकडे उतरायचं नाही, तसंच परत यायचं."

"मग जायचं कशाला?"

"मधे पाणी थांबतं ना, भरती आणि ओहोटीच्या मधे," ती म्हणाली. "तेव्हा वल्ही वर उचलली, की होडी कुठेच जात नाही. दोन्ही काठ सारखेच लांब असतात."

अभय हसला. त्याला ते खरं वाटलं नाही, हे त्याच्या हसण्यावरून कळत होतं. तो उठला आणि खाडीकडे चालायला लागला. मागून मुक्ता, मागून मी, आणि आमच्या मागून, काही संबंध नसताना, बाबल आणि शालनकाकी. पांडू काठावर होडी बांधत होता.

"पांडूदादा, ही होडीत येते?"

"येता तर!" पांडू म्हणाला. "शाळा सुटली काय येता. पलीकडे गेली तरी उतरणा नाय, तशीच परत फिरता. मी एकदा इचारलंय, गो, तू जातंस तरी खंय? तर म्हणता, 'खंयच नाय!'"

अभयने पाण्याकडे पाहिलं. मग पायातली चप्पल काढली, पँट दुमडली आणि होडीत जाऊन बसला. मुक्ता उडी मारून त्याच्या समोर. पांडूने होडी लोटली. आम्ही तिघं काठावर उभे. उन्हं खाली आली होती, खाडी पिवळी झाली होती, आणि मधोमध गेल्यावर पांडूने वल्ही उचललेली आम्हाला दिसली. त्यानंतर किती वेळ गेला, मला सांगता येणार नाही. शालनकाकी सांगते, खूप. बाबल म्हणतो, छे, दोन मिनिटं.

त्या दिवशी जेवताना अभयने होस्टेलचा विषय काढला नाही. ताटावरून उठताना एवढंच म्हणाला, "बाबा, होडीपुरते देत जा तिला."

मुक्ता बारावीपर्यंत आमच्याकडे राहिली. तेवढी सगळी वर्षं मी होडीपुरते देत गेलो, आणि होडीचं भाडं वाढलं असेल अशा अंदाजाने मधूनमधून वाढवतही गेलो. मग ती शिकायला गेली. आता सुट्टीत येते, आल्या दिवशीच खाडीकडे जाते.

गेल्या हिवाळ्यात गुडघ्याच्या डॉक्टरकडे जायचं म्हणून मी पहिल्यांदाच पांडूच्या होडीत बसलो. पलीकडून परतताना शाळा सुटलेली पोरं चढली, निळ्या गणवेशातली, होडी डुलायला लागली. अलीकडे उतरताना मी पैसे दिले. पोरं तशीच उड्या मारून पळाली. पांडूने हाकही मारली नाही.

"हे पैसे न देताच गेले," मी म्हणालो.

"शाळेच्या पोरांकडसून कोण पैशे घेता, सरांनू? माझ्या बापाशीन कधी घेतल्यान नाय."

मी वाळूत उभा राहिलो. पाणी थांबलं होतं, पुढे जात नव्हतं, मागे येत नव्हतं.

"आमच्या मुक्ताकडून?"

"मुक्ताकडसून?" पांडू दोर खुंटाला बांधत म्हणाला. "एकदा पण नाय."